तक्रारदार अनुपस्थित

ग्रामसेवकांनी माझाच अहवाल माझ्यासमोर मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. एक मे होता. सकाळी झेंडा झाला होता आणि दहा वाजताच छताचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले होते. समोर सतरंज्यांवर शंभर-सव्वाशे माणसं. ग्रामसभेला एवढी माणसं मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तिरोड्याच्या पलीकडचं हे गाव. नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जावं लागतं.

मी सरकारी निरीक्षक आहे. शेतमजुरांच्या तक्रारी आल्या की जागेवर जायचं, दोन्ही बाजूंचे जबाब घ्यायचे आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. जबाब म्हणजे माणूस जे बोलतो ते कागदावर उतरवून खाली त्याची सही किंवा अंगठा. अहवाल म्हणजे ते सगळं वाचून मी काढलेला निष्कर्ष. अहवाल फाईलला लागतो, फाईल कपाटात जाते, कपाटाची किल्ली शिपायाकडे असते. हा अहवाल नेमका कोणी वाचावा म्हणून लिहितात, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तक्रार फेब्रुवारीतली. उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता. रोवणा म्हणजे धानाची रोपं, ज्याला आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, ती चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, एकेक करून लावायची. बाया दिवसभर ओणव्या असतात आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात. गावात सिंधूबाईंची चौदा बायांची टोळी होती. सिंधूबाई विहाराजवळच्या वस्तीतल्या. वय पन्नासच्या पुढे, दहावी पास, एकदा ग्रामपंचायतीच्या सदस्य राहिलेल्या. त्यांची टोळी भाऊलालजींच्या बांधीत रोवायला उतरली होती.

भाऊलालजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी. वीस-बावीस एकर धान, दोन ट्रॅक्टर, आवाज कधी चढत नाही. त्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधावर, गवत माजलं होतं. त्यावर तणनाशक मारलं गेलं. बोअरचं पाणी धुऱ्यावरून वाहिलं आणि औषध घेऊन बांधीत उतरलं. दुपारी बायांचे पाय चुणचुणायला लागले, संध्याकाळी फोड आले. माया नावाच्या बाईचे दोन्ही पाय असे झाले की आठ दिवस तिला चप्पल घालता येईना. आरोग्य केंद्रात पट्ट्या बांधल्या. तिथली चिठ्ठी होती.

सिंधूबाईंनी आमच्या ऑफिसला अर्ज केला. मागणी एकच: 'औषध मारलं तर आम्हाला आधी सांगत जावं आणि त्या दिवशी बांधीत उतरवू नये.' भरपाई मागितली नव्हती. मी अर्ज उलटून पाहिला, मागे लिहिली असेल म्हणून. मागे कोरं होतं.

औषधाचा विषय खरं तर कृषी खात्याचा. पण 'हे आमचं काम नाही' असं लिहायचं असलं तरी ते लिहायला जागेवर जावं लागतं. मी गेलो.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. चौकशी कुठे करायची, हे कायद्यात लिहिलेलं नाही. अधिकारी गावात येतो, त्याला सावली, खुर्ची, पंखा आणि टेबल लागतं. या चारही वस्तू एकत्र ज्याच्या घरी असतात तिथे तो बसतो. ते घर बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचंच निघतं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. नोटिशीत चौकशीची जागा म्हणून मी 'भाऊलालजींची छपरी' असंच लिहिलं होतं. छपरी म्हणजे घरापुढची ओसरी.

मी गेलो, निंबाच्या झाडाखाली मोटरसायकल लावली. झाडाखाली सात-आठ बाया उभ्या होत्या. एकीच्या पायांना पट्ट्या होत्या. मी पाहिलं. पाहिलं आणि छपरीत जाऊन बसलो. येतील म्हटलं आत. मग पोहे आले, चहा आला. भाऊलालजींचा जबाब घेतला. मी विचारलं, "औषध कधी मारलं?" ते म्हणाले, "आदल्या दिवशी मारून टाक म्हटलं होतं गड्याले." मी लिहिलं, 'फवारणी आदल्या दिवशी केली.' पाऊण तासाने घड्याळ पाहिलं. अजून एक गाव करायचं होतं. कागदावर रकाना होता, 'तक्रारदाराचा जबाब'. त्यात लिहिलं, 'तक्रारदार अनुपस्थित.' निघालो. गाडी काढताना त्या बाया तिथेच होत्या. एकीने हात जोडले, मीही जोडले.

अहवालाचा शेवट असा केला: 'तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

अशा अहवालाची प्रत आमच्याकडून मालकाला जाते. तक्रारदाराला एका ओळीचं पत्र जातं की आपली तक्रार निकाली निघाली. का निघाली, ते त्यात नसतं. भाऊलालजींनी प्रत कोणाला मुद्दाम दाखवली असं नाही. पण सरकारी कागद गावात आला की तो एका खिशात राहत नाही. पंधरा दिवसांत सगळ्या गावाला कळलं की सिंधूबाईंच्या टोळीने खोटी तक्रार केली होती आणि तसं सरकारनेच लिहून दिलं आहे. उरलेल्या रोवण्याला त्यांना कोणी बोलावलं नाही. निंदणाला बोलावलं नाही. एप्रिलच्या शेवटी धान कापायला आला, तेव्हा बाहेरगावची टोळी पिकअपमध्ये बसून आली आणि विहाराजवळच्या चौदा बाया घरी बसल्या. पावसाळी रोवणाही असाच गेला असता तर ती टोळी मोडली असती.

सिंधूबाईंनी मार्चमध्येच माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. दहा रुपयांचं तिकीट लावून, पोस्टाने. आमचे साहेब मूळचे गोंदिया शहरातले, रागात आले किंवा खुशीत आले की हिंदीत जातात. त्यांनी मला बोलावलं.

"बोरकर, ये कोई बाई तुम्हारी रिपोर्ट मांग रही है."

"हो सर."

"रिपोर्ट में कुछ गडबड तो नहीं ना?"

"नाही सर. नेहमीसारखाच आहे."

"तो दे दो."

दिली. सिंधूबाईंनी ती वाचली आणि एक मेच्या ग्रामसभेत विषय लावला: 'चौकशी अहवालाचे वाचन.' पंचायतीने संबंधित अधिकाऱ्याने हजर राहावं म्हणून आमच्या ऑफिसला पत्र पाठवलं. साहेब म्हणाले, "रिपोर्ट तुम्हारी, ग्रामसभा भी तुम्हारी." म्हणून मी त्या खुर्चीवर होतो.

ग्रामसेवक वाचत होते. सावकाश, सरकारी भाषा अडखळत. मी लिहिलेला कागद मी कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तो फार छोटा वाटला. ते त्या ओळीशी आले.

"तक्रारदार अनुपस्थित."

सिंधूबाई सतरंजीवरून उठल्या. "गुरुजी, थांबा जी जरासे." ग्रामसेवकांना त्या गुरुजी म्हणत. "अनुपस्थित म्हंजे का?"

"म्हणजे हजर नव्हते."

"कोन हजर नोतं?"

"तुम्ही."

"आमी त होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "हे पाहा सिंधूबाई, त्या दिवशी जबाब द्यायला कोणी आलं नाही."

"अकरा वाजल्यापासून निंबाखाली उभ्या होतो साहेब. तुमी गाडी आमच्यापाशीच लावली. मायाचे पाय पट्ट्यात होते. तुमी पायले बी."

"मग आत का नाही आलात?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू या माणसाची बदली कालच बाहेरून झाली असावी. मी भंडारा जिल्ह्यातलाच आहे. मला ते माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच.

"त्या छपरीत आमी धान पाखडाले जातो," त्या म्हणाल्या, "बसाले नाई. कोनी बलावल्याबिगर चढू कशा? तुमी एकडाव हाक मारली असती त आलो असतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "आता का म्हनावं तं म्हना! कोन पायलं तुमाले?"

हे वाक्य माझ्या बाजूने होतं. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. आता भाऊलालजी काही बोलले नाहीत की झालं, वेळ मारून नेता येईल, असाच विचार मनात आला.

भाऊलालजी पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"म्या पायलं," ते म्हणाले. "होत्या त्या. मले छपरीतून दिसून रायल्या होत्या."

मागच्या रांगेतले उठून बघायला लागले.

मी म्हणालो, "भाऊलालजी, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठी? साहेब तुमी. मले वाटलं, तुमालेच नको असतीन."

मला तिथे शरम वाटली. नोकरीत शिव्या खाल्ल्या आहेत, एकदा चिचगडकडे जमावाने गाडीची हवा सोडली होती, त्याचं काही वाटलं नव्हतं. पण हा माणूस मला शिवी देत नव्हता. त्याने माझ्याबद्दल एक साधा अंदाज केला होता आणि तो बरोबर होता. मी खाली बसलो. ग्रामसेवकांनी सगळं प्रोसिडिंगमध्ये उतरवून घेतलं. प्रोसिडिंग म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची नोंद. ती शाईने लिहितात आणि तिच्यात खाडाखोड चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना स्वतःच सांगितलं की अहवाल चुकला आहे, फेरचौकशी करू द्या. फेरचौकशी म्हणजे आधीची चौकशी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी आधी मला लेखी खुलासा मागितला. मी दिला. त्यात लिहिलं की तक्रारदार हजर होते, मी बोलावलं नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ऐसा कौन लिखता है अपने हाथ से?"

"प्रोसिडिंगमध्ये आलंय सर."

"ठीक है, फेरचौकशी कर लो."

"या वेळी शाळेत करतो. आणि सही करण्याआधी अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. सही झाली की पंचायतीच्या बोर्डावर लावतो."

साहेबांनी चष्मा काढला. "गांव के सामने पढोगे? कल को हर कोई बोलेगा, पढके सुनाओ."

"हो सर."

"फिर?"

"मग वाचून दाखवावं लागेल."

"तुम्हारी रिटायरमेंट कब है?"

"दोन वर्षं राहिली."

"मेरी सात हैं," साहेब म्हणाले. पण फाईलवर 'मान्य' लिहिलं. त्यांनी का लिहिलं ते मी विचारलं नाही. मान्य लिहिल्यावर विचारू नये.

फेरचौकशी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या त्याच व्हरांड्यात. चहा मी थर्मासमध्ये घरून नेला होता. त्यावरून गावात दोन दिवस चर्चा झाली. नोटिशीत जागा शाळा लिहिली होती, त्यामुळे कोणी कुठे चढायचं हा प्रश्न नव्हता. चौदाच्या चौदा बाया आल्या. मायाने पाय दाखवले. फोड गेले होते, कातडी अजून काळी होती. आरोग्य केंद्राची चिठ्ठी मी या वेळी हातात घेऊन वाचली. तिच्यावर तारीख होती. ती पहिल्या दिवशीही मायाच्या पदराच्या गाठीत होती.

मग फवारणाऱ्या गड्याला बोलावलं. पहिल्या चौकशीत तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी विचारलं, "औषध आदल्या दिवशी मारलं?"

"नाई जी. आदल्या दिवशी मी लगनाले गेल्तो."

"मग?"

"सकारी मारलं. बाया बांधीत उतराच्या आंधी."

भाऊलालजी त्याच्याकडे वळले. "काऊन रे, मले त काल मारलं म्हनला होता."

"तुमी चिडसान म्हनून."

"आता नाई चिडलो का मी?"

"आता सगळे हायेत," गडी म्हणाला.

भाऊलालजींनी नवा जबाब दिला. 'फवारणी त्याच सकाळी झाली, बायांना सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं पण शेत माझं आहे.' हे शेवटचं वाक्य मी सुचवलं नव्हतं. सही करताना ते म्हणाले, "साहेब, एक गोष्ट सांगू? त्यायनं अर्जात लिवलं होतं, आंधी सांगत जा. मले राग तेचाच आला होता. माह्या धुऱ्यावर म्या का मारलं, ते कायले सांगावं?" आमच्या ऑफिसचं अहवालाबद्दल तेच म्हणणं होतं, आणि त्यावर मी पंचवीस वर्षं पगार घेतला होता.

अहवाल मी तिथेच बसून लिहिला आणि उभं राहून वाचला. दोन ठिकाणी बायांनी अडवलं. एका ठिकाणी मी 'किरकोळ इजा' लिहिलं होतं. माया म्हणाली, "किरकोड म्हंजे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आठ दिस भिताडाले धरून चालली मी." मी तो शब्द खोडला आणि आठ दिवस चालता आलं नाही असं लिहिलं. दुसऱ्या ठिकाणी माझं गणित चुकलं होतं, तेरा बाया लिहिल्या होत्या. वाचायला चाळीस मिनिटं लागली. घरी बसून लिहिला असता तर दहात झाला असता.

निष्कर्ष: तक्रार खरी आहे. शिफारस: औषध मारलेल्या धुऱ्यावर लाल फडकं बांधावं आणि ते असेपर्यंत कोणाला बांधीत उतरवू नये. फडक्याची कल्पना सिंधूबाईंची. ग्रामसभेने नंतर तसा ठराव केला. अहवाल पंचायतीच्या बोर्डावर लागला, खाली माझी सही, आणि पहिल्या अहवालात चूक माझी होती ही ओळसुद्धा. ती ओळ काढा म्हणून साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, सर, वाचून झाली आहे.

जुलैत मी न कळवता त्या गावाला गेलो. कागदावर टोळी खरी ठरली म्हणून तिला काम मिळतंच असं नाही, हे मला ठाऊक होतं. भाऊलालजींच्या बांधीत ओणव्या बाया दिसल्या. चौदा मोजल्या. एका धुऱ्यावर लाल फडकं होतं आणि तिकडची बांधी रिकामी होती. सिंधूबाई कंबर धरून सरळ झाल्या.

"बोलावलं का मग?" मी विचारलं.

"हाव. बाहेरची टोळी आली नाई यंदा. पऱ्हे म्हातारे होऊन रायले होते त्यायचे. न बलावून सांगतीन कोनाले?"

म्हणजे माझ्या अहवालाने नाही.

"पन एक झालं," त्या म्हणाल्या. "आता आमाले कोनी खोट्या म्हनत नाई. बोर्डावरचा कागद पान्यानं गेला, तरी नाई म्हनत." मग म्हणाल्या, "साहेब, चिचगडच्या अंगाले माही नणंद हाये. तिनं बी अर्ज केल्ता तुमच्या हापिसात, तीन वर्सं झाले. एका ओळीचं पत्र आलं होतं तिले. तिच्या कागदावर का लिवलं हाये, ते कोनी सांगतलं नाई तिले. तुमीच गेल्ते म्हने."

मला नणंद आठवेना. गावही आठवेना. दुसऱ्या दिवशी किल्ली मागून कपाट उघडलं. फाईल सापडली. चौकशीची जागा: मालकाचं घर. पोहे होते की नव्हते, ते फाईलमध्ये नसतं. तक्रारदाराच्या रकान्यात माझ्या अक्षरात तेच दोन शब्द.

पुढच्या मंगळवारी चिचगडकडे गेलो. बाई घरीच होती, मोहाची टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली होती. मी अंगणात उभं राहून तिचा अहवाल तिला वाचून दाखवला. तीन वर्षं उशिरा. ती ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मले वाटलं, तुमी माहं म्हननं ऐकलं अन् नामंजूर केलं. ऐकलंच नाई, हे नोतं मालूम."

मग तिने पोत्याची घडी केली, अंगणात टाकली आणि म्हणाली, "बसा. आता सांगतो."

मी बसलो आणि लिहून घेतलं. त्या कपाटात तेच दोन शब्द लिहिलेल्या अजून एकोणीस फायली आहेत. निवृत्तीला वीस महिने उरलेत. महिन्याला एक धरली तर पुरतं.